मोगऱ्याची छाटणी व दुसरा बहर

खत द्यावयास सांगितले की शेतकरी देतो. पाणी तोडावयास सांगितले तर कुरकुरत का होईना तोडतो. परंतु हिरव्यागार झाडावर कात्री चालवावयास सांगितले की त्याचा हात अडतो. मोगऱ्याच्या वाड्यांतून गावपातळीवरील कार्यकर्त्यांना हा अनुभव नेहमी येतो. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

2014 साली ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा व विक्रमगड तालुक्यांत भात निघाल्यावर हाती रोकड देणारे मोगरा हे मोठे साधन आहे. वाडीत कळी असली तर कुटुंबाला वीटभट्टीची वाट धरावी लागत नाही. त्यातच थंडीत मोगरा थोडा फुलतो, म्हणून दादरच्या बाजारात त्याचा भाव चढतो. अशा वेळी झाड निम्म्यावर आणा असे सांगणे म्हणजे हातची रक्कम सोडा असे सांगणे होय. हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर धरते. फुलून गेलेला शेंडा पुन्हा कळी धरीत नाही. खालच्या पेऱ्यांतून नवी फूट निघावी लागते. न छाटलेल्या झाडावर ती विरळ व किरकोळ निघते आणि आत दाटी होऊन ऊनवारा शिरत नाही. म्हणून नोव्हेंबरात पाणी तोडून झाडास विश्रांती द्यावी व डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून सुमारे 45 सें. मी. उंचीवर छाटावे. वाळक्या व रोगट फांद्या बुडाशी काढाव्यात, जाड कापांस बोर्डो पेस्ट लावावी, मग शेणखत व पाणी द्यावे. सारी वाडी एकदम छाटण्यापेक्षा पंधरवड्याच्या अंतराने दोन भागांत छाटावी, असे माझे मत आहे. निम्म्या झाडांची महाग कळी काही दिवस अधिक मिळते आणि पुढे सारा बहर एकदम येऊन भाव पडण्याची धास्तीही कमी होते.

दुसरी, हलकी छाटणी मात्र सर्वत्र दुर्लक्षित आहे. पहिला बहर ओसरताच फुललेले शेंडे दोन-तीन पेरे खाली कापून खतपाणी दिल्यास साधारण महिना-दीड महिन्यात पुन्हा कळी दिसू लागते. विहिरीस पाणी नसेल तर उन्हाळ्यात हा उद्योग करू नये. पाण्यावाचून फूट निघत नाही व झाड व्यर्थ शिणते.

कार्यकर्त्यांनी या विषयावर व्याख्यान देऊ नये. एक ओळ छाटावी, शेजारची तशीच ठेवावी आणि दोन्हींची कळी घरच्या बाईकडून वेगळी मोजून घ्यावी. कळी तोडतात बहुधा स्त्रिया, आणि सभेस बोलावणे जाते पुरुषांना!

एक सूचना. मोगऱ्याची ही रीत बांधावरच्या आंब्यास लावू नये. त्याचा मोहोर पक्व झालेल्या फांदीच्या टोकाशी येतो. तेथे मार्गशीर्षात कात्री चालविली तर त्या वर्षीचा मोहोरच कापला जातो.