पोहरादेवीच्या दौऱ्यातली 'गौचिप' अन् आपल्या गावरान गायी

मानोरा : ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान आपल्याच तालुक्यातल्या पोहरादेवीला आले होते. बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, पीएम किसानचा १८ वा हप्ता सुटला. बहुतेकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. त्याच दौऱ्यात देशी गायींसाठी 'गौचिप' अन् म्हशींसाठी 'महिषचिप' आली, त्यावर पारावर कोणी बोलत नाही. काहींना तर ते गायीच्या कानात लावायचं यंत्र वाटलं.

तसं नाही. चिप प्रयोगशाळेतच राहते. जनावराचं रक्त किंवा केसाचं मूळ घेऊन त्यातला डीएनए तिच्यावर तपासतात. गोऱ्हा लहान असतानाच तो चांगला वळू निघेल का, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पण चांगला म्हणजे काय? नुसता दुधाला चांगला की उन्हालाही? आपल्या भागासाठी खरा प्रश्न इथंच आहे.

माझ्या गोठ्यात एक संकरित अन् दोन गावरान गायी आहेत. मे महिन्यात दुपारी संकरित गाय तोंड उघडून धापा टाकते, कुटाराला तोंड लावत नाही, अन् संध्याकाळी बादली अर्ध्यावर येते. गावरान मात्र बाभळीखाली बसून रवंथ करत राहतात. सैल कातडी, गळ्याखालची पोळी, आखूड चकचकीत केस अन् भरपूर घाम, यामुळे त्यांच्या अंगातली उष्णता बाहेर निघते. खरं सांगायचं तर त्या दूधही कमी देतात, म्हणून अंगात उष्णता तयारही कमी होते. हे लपवून देशी गायीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

बाकीचं काम पेशींच्या आत चालतं. ऊन वाढलं की पेशीतली प्रथिनं बिघडायला लागतात. तेव्हा शरीर त्यांना सांभाळणारी दुसरी प्रथिनं तयार करतं. ती बनवणाऱ्या जनुकांत गायीगायीत बारीक फरक असतो. साहीवालसारख्या जातींत शास्त्रज्ञांनी हे फरक तपासले आहेत. तिकडे अमेरिकेत कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल जातीचा आखूड केसांचा गुण संकर करून होल्स्टीनमध्ये आणलाय. म्हणजे आपल्याकडे दावणीला आहे ते तिकडे मुद्दाम कमवावं लागतं.

पण चिप एकटी काही सांगत नाही. कोणत्या गायीनं किती दूध दिलं, उन्हात किती टिकली, याच्या नोंदी सोबत लागतात. गवळाऊ, लाल कंधारी या नोंदणी झालेल्या जाती आहेत. आपल्याकडची बहुतेक गुरं मात्र कागदावर नुसती 'गावठी'. जुन्या गॅझेटियरात वऱ्हाडातल्या लहान चणीच्या उमर्डा गुरांचा उल्लेख सापडतो, आज ते नाव किती जणांना ठाऊक आहे?

२०१९ च्या पशुगणनेत राज्यात देशी गायी ४६,१३,६३२ भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा २०.६९ टक्के कमी. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं देशी गायीला राज्यमातेचा दर्जा दिला अन् दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केलं, पण ते गोशाळेतल्या गायीला. दावणीला गाय सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं काही नाही.

तेव्हा रेतनासाठी डॉक्टर आले की कांडी कोणत्या जातीची अन् वळूचा नंबर काय, ते विचारून वहीत लिहा. मे महिन्यात कोणत्या गायीचं दूध किती उतरलं, तेही त्याच पानावर मांडा. नमुने घ्यायला कोणी आलंच, तर पहिल्यांदा हीच वही मागतील.