शॉर्टकट म्हणे!

गेल्या आठ महिन्यांत एक शब्द इतक्या वेळा ऐकलाय की आता त्यावर लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. तो शब्द म्हणजे 'शॉर्टकट'. कारण मी वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेतोय, आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. डॉक्टरांनी लिहून दिलंय, त्यांच्या देखरेखीखाली घेतोय, आणि लपवत नाही. लपवत नाही हाच बहुधा माझा गुन्हा :-)

आता बघा, बाकी कुठे आपल्याला शॉर्टकटचं वावडं आहे? जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टाळून बोगद्यातून जाता यायला लागलं. त्या रस्त्याने मुंबईला पोचलेल्या नाशिककराला कोणी विचारतं का, की घाटातून नाही आलास, मग कसला आलास? माझे वडील रोज बीपीची गोळी घेतात. त्यांना आजवर एकानेही सांगितलेलं नाही की गोळी म्हणजे पळवाट, मन शांत ठेवून रक्तदाब उतरवा. पण विषय वजनाचा निघाला की प्रत्येकाला आधी घामाची पावती बघायची असते.

बरं, पावती हवी तर तीही आहे. २०१८-१९ च्या सुमारास घराघरात दोन पक्ष पडले होते, आठवतंय ना? एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत उरका. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, थोडं थोडं खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. मी दोन्ही पक्षांत राहून आलोय. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे फेऱ्या मारल्यात, पांडवलेणीच्या पायऱ्या चढल्यात, सायकल घेतलीय. (ज्या गावातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, त्या गावात सायकल न घेऊन सांगता कोणाला?) एकदा नऊ किलो उतरले, वर्षभरात अकरा परत आले. १०४ किलो, साखर धोक्याच्या रेषेला टेकलेली, वडिलांना बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह आणि पंचावन्नाव्या वर्षी बायपास. हा माझा हिशोब.

आणि हे परत येणारे अकरा किलो म्हणजे केवळ माझ्या जिभेचे चोचले नव्हेत. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जाड माणसांना दहा आठवडे कडक डाएटवर ठेवून त्यांच्या रक्तातली भूक-तृप्तीची संप्रेरकं मोजली. वर्ष उलटलं तरी ती भुकेच्याच बाजूला झुकलेली होती. शरीर जुनं वजन विसरायला तयार नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही सेटिंग बदलता आणि सिस्टीम दर रात्री जुनं बॅकअप परत टाकते. अशा वेळी प्रोग्रॅमरला "निश्चय कर" असं सांगून बग जात नाही.

इंजेक्शन त्या बॅकअपवरच काम करतं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, ते मेंदूला 'पुरे' असं सांगतं, आणि दोनेक मिनिटांत निम्मं नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड हा त्याचाच सुधारलेला भाऊ, तो रक्तातल्या प्रथिनाला चिकटून राहतो, म्हणून निम्मा व्हायला त्याला आठवडा लागतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसत्या सुईवाल्यांचं २.४ टक्के. आणि आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता! पुढे २०२३ मध्ये १७,६०४ हृदयरोगी, पण मधुमेह नसलेल्या, वजनदार माणसांवरच्या चाचणीत हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. वडिलांची बायपास बघितलेल्या मुलाला हा आकडा 'शॉर्टकट' वाटत नाही हो.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "आमच्या आजोबांना कुठे लागली होती इंजेक्शनं?" तर त्यासाठी अमेरिकेत जायला नको, पुण्यापर्यंत जाऊ. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, असे आपण. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं वजनाने बरीच कमी, पण चरबी त्या मानाने टिकून, आणि स्नायू कमी. ज्या बाळाने अजून वडापावचं तोंडही पाहिलेलं नाही, त्याला तुम्ही आळशी म्हणणार का??

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो. टोमणे मी पचवतो, पण सगळ्यांना ते जमत नाही. मग माणसं गुपचूप घेतात. ओळखीतल्या एकाने लग्नाआधी पाच किलो उतरवायला जिमच्या ट्रेनरकडून पेन मिळवलं, डॉक्टर नाही, तपासणी नाही. दुसरी एक मुलगी सासरी कळू नये म्हणून दोन महिने घेऊन थांबली. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, त्याला कारण आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता तर नेहमीचीच. पित्ताशयातले खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घराण्यात एका विशिष्ट प्रकारचा थायरॉईडचा कॅन्सर असेल तर घ्यायचंच नाही. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवायचं. हे त्या ट्रेनरने विचारलं असेल?

त्यात आपली खास अडचण म्हणजे स्नायू. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते मुळातच तोकडे. म्हणून वजनं उचलायची, डाळी-उसळी-अंडी-पनीर मोजून खायचं. भूकच नसताना हे करणं म्हणजे काय असतं ते एकदा करून बघा, मग मेहनतीवर बोलू. चोरून घेणाऱ्याला हे सांगणारं कोणी नसतं.

"पण बंद केलं की वजन परत येतं ना!" येतं. चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात कमी झालेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत आलं होतं. बीपीची गोळी बंद केली की बीपीही परत येतं. म्हणून आपण गोळीला नावं ठेवत नाही, आजार लांबचा आहे असं म्हणतो.

खरा आक्षेप घ्यायचाच तर पैशाचा घ्या, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. मार्च २०२५ मध्ये माउंजारो भारतात आलं तेव्हा सर्वांत लहान डोसच महिन्याला १४,००० रुपयांना पडत होता. जूनमध्ये वेगोव्ही आलं, त्याची सुरुवात महिन्याला १७,३४५ पासून. पुढे किमती उतरू लागल्या, आणि सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदतही मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे देशी कंपन्यांना वाट मोकळी. पण आयुष्यभराचं औषध म्हटल्यावर कमी झालेली किंमतही सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्याला जड आहे. आरोग्य विमा लठ्ठपणाच्या ऑपरेशनलाच इतक्या अटी घालतो (बीएमआय ४०, किंवा गंभीर आजारांसह ३५) की दर आठवड्याच्या इंजेक्शनचं नावच नको. आजार सगळ्यांचा आणि उपाय आयटीवाल्याचा, यावर चिडा की!

तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या ओळखीतलं कोणी बारीक दिसलं आणि इंजेक्शनचं कळलं, तर "मेहनत केलीस का?" विचारू नका. डॉक्टर कोण आहेत, रक्त कधी तपासलं, प्रथिनं पुरेशी जातायत का, हे विचारा. माझ्या आईने पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, आणि तिने इंजिनिअरिंग केलेलं नाही.

असो. लांबलं जरा. उद्या सोमवार, आणि सकाळी वजनं उचलायचीत.