लिदीला दंड, सेप्टिक टँकला अभय




ई-रिक्षा हव्यात की नकोत, या वादात माथेरानच्या घोड्यांवर सध्या सगळेच तोंडसुख घेत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या त्या हातरिक्षा, घोडे नव्हेत. तरी 'एकदा लीद गेली की माथेरान स्वच्छ' असा सूर निघतोच. मी नेरळचा, पायथ्याशी राहणारा. डोंगरावरचं पाणी चारी बाजूंनी खालीच उतरतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

लिदीचा त्रास खोटा नाही. परवाना असलेले घोडे साडेचारशेच्या पुढेमागे आहेत. एका घोड्याची दिवसाला पंधरा किलो लीद धरली तरी रोजची सहा-सात टन झाली. एप्रिल-मे महिन्यांत ती वाळते, टापांखाली भुगा होऊन लाल धुरळ्यात मिसळते आणि पर्यटकाच्या नाकातोंडात जाते. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. तेव्हा अश्वपालांना रान मोकळं द्या, असं मी म्हणत नाही. परवान्याचं नूतनीकरण करताना घोड्याची रक्ततपासणी झाली का, हे पाहावंच. शिवाय लीद कुठे टाकता, तबेल्यामागचा ढीग उतारावर आहे का, हेही विचारावं. पण हे विचारणं सोपं आहे, कारण घोडा रस्त्यावर दिसतो, त्याचा परवाना असतो आणि मालक लगाम धरून शेजारीच उभा असतो.

सेप्टिक टँकचं तसं नाही. ती हॉटेलच्या मागच्या अंगाला, फरशीखाली किंवा कुंड्यांच्या रांगेआड असते. मैला तळाशी बसावा, तेलकट साय वर राहावी आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी शोषखड्ड्यात जावं, एवढंच तिचं काम. ते होण्यासाठी पाणी टाकीत काही काळ थांबावं लागतं आणि तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. आता शनिवार-रविवारचं माथेरान आठवा. टाकी बांधली तेव्हा खोल्या दहा. पुढे माळ्यावर चार वाढल्या, आणि जोडून सुट्टी आली की प्रत्येक खोलीत दोन-दोन जादा गाद्या. टाकी मात्र तेवढीच. पाणी थांबायला वेळच मिळत नाही, आत आलेलं तसंच बाहेर ढकललं जातं. उपशाचं नाव काढलं की मालक म्हणतात, 'आमची टाकी कधी भरतच नाही.' यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. वर्षानुवर्षं वापरात असलेली टाकी भरत नसेल, तर ती गळते आहे किंवा मैला तसाच बाहेर सोडते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि गळून जातं कुठे? माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा. त्याच्या छिद्राछिद्रांतून पाणी झरझर खाली जातं, गाळून निघायला पुरेशी माती वाटेत भेटत नाही. खालचा काळा कातळ लागला की ते आडवं सरकतं आणि कड्याच्या अंगाला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. डोंगराच्या कुशीतल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांना असल्या झऱ्यांचाच आधार. वरच्या हॉटेलांना नळाचं पाणी मिळतं, तेही मुख्यतः खालच्या उल्हास नदीतून पंपाने चढवलेलं.

गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीनंतर वर गेलो होतो. एका हॉटेलच्या मागे टाकीचं झाकण कडेने उचललं गेलं होतं आणि राखाडी पाण्याचा ओघळ पायवाट ओलांडून चालला होता. चार पावलांवर त्यात लिदीचा लाल ओघळ मिसळला. रुमाल नाकाला लावून जाणारा एक गृहस्थ म्हणाला, 'या घोडेवाल्यांना हाकलायला पाहिजे.' वास मैल्याचा होता.

माझं म्हणणं एवढंच की लीद आणि मैला हे दोन्ही सार्वजनिक आरोग्याचे विषय आहेत आणि दोन्हींची नोंद आरोग्य निरीक्षकाच्या एकाच वहीत हवी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गावोगावची आरोग्य मंडळं तबेल्यांना परवाना देतात आणि सेप्टिक टँकही तपासतात; १९९५ पासून तिथे घर विकताना टाकीची तपासणी सहसा चुकत नाही. आपल्याकडे अधिकार नाहीत असं थोडंच आहे? सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे नगरपरिषदांचं नेमून दिलेलं काम आहे. माथेरान तर २००३ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे साधी खोली वाढवायची तरी परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात. मग हॉटेलचा परवाना दरवर्षी पुढे चालवताना टाकीचं माप, खोल्यांची संख्या आणि शेवटच्या उपशाची पावती मागायला काय हरकत आहे? पावती नसेल तर परवाना नाही, इतकं सरळ ठेवावं.

यावर उत्तर ठरलेलं आहे: वाहनबंदी आहे, मैल्याचा टँकर दस्तुरीच्या, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्याच्या, पुढे येणार कसा? अडचण खरी आहे. पण रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब यांना बंदीतून सूट मिळतेच ना? तशीच उपशाच्या लहान टँकरला, पावसाळ्याआधी ठरावीक दिवस, देखरेखीखाली सूट मागावी. ती मिळेपर्यंत कुणी गडी टाकीत उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. सगळ्यात आधी मात्र माथेरानवरचे मॅलेट आणि हॅरिसन हे झरे आणि खालच्या वाड्यांचे झरे यांचं पाणी मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा तपासून घ्यावं. अहवाल रेल्वे स्टेशनवर लावावा आणि वाड्यांमध्ये वाचूनही दाखवावा.


एक वाचक, नेरळ