औषध घेताना दोन मिनिटे थांबा : सर्व नागरिकांना जाहीर आवाहन



औषध हाती देणे हे फार्मासिस्टचे निम्मे काम. ते केव्हा घ्यायचे, कशासोबत टाळायचे, हे समजावून सांगणे हे उरलेले निम्मे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी हे समुपदेशन आमच्या कर्तव्यात धरले आहे. तरीही मेडिकलच्या काउंटरवर तेच बहुतेकदा राहून जाते.

संध्याकाळी दवाखान्यांच्या वेळेत एकच गर्दी उसळते. रुग्ण स्वतः येत नाही. शेजारचा मुलगा रिकामी पट्टी दाखवून “हीच द्या” म्हणतो. चारचौघांत आपला त्रास सांगायला बायका संकोचतात. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांची कोणती औषधे घेतो, हे आम्हाला कळत नाही. या सल्ल्याचे वेगळे पैसे नसतात आणि जादा माणूस ठेवणे लहान दुकानाला परवडत नाही.

नुकसान मात्र रुग्णाचे होते. थायरॉईडची गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली, तर अंगी नीट लागत नाही. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात गोठले, तर वाया जाते. बीपीच्या रुग्णाने मनानेच पेनकिलर चालू ठेवली, तर रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाकारले की गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानात जाते. त्यांतल्या अनेक औषधांना 2014 पासून ‘शेड्यूल एच-वन’ लागू आहे; रुग्णाची आणि डॉक्टरांची नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. जंतू औषधांना दाद देईनासे झाले, तर उद्या साधा संसर्गही जिवावर बेतेल, म्हणून हा नियम आहे. डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी बदलून दुसरी देण्याचा अधिकारही आम्हाला नाही.

म्हणून आपणा सर्वांना कळकळीची विनंती :

1. औषध घ्यायला येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणा.
2. इतर चालू औषधे, अ‍ॅलर्जी, गरोदरपण किंवा स्तनपान याविषयी न विचारताही सांगा.
3. खासगी बोलायचे असेल, तर बाजूला बोलवा. संकोच नको.
4. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर आहे का, हे विचारा. तो आपला हक्क आहे.
5. औषधाने त्रास झाला, तर डॉक्टरांना आणि आम्हाला कळवा. राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावरही नोंद करता येते.

व्यवसायबंधूंनाही विनंती : गिऱ्हाईक तुटेल या भीतीने चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. एकाने नाकारायचे आणि दुसऱ्याने द्यायचे, असे चालले तर नियमाला अर्थ उरत नाही.

घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि गर्दी नसेल अशा वेळी आपल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये घेऊन या. एकेक गोळी तपासू, वेळा लिहून देऊ आणि शंका वाटली तर डॉक्टरांशी बोलू.

आपले नम्र,
तालुक्यातील नोंदणीकृत फार्मासिस्ट