किल्ल्याची किल्ली कुणाकडे?

धारावी म्हटले की कुणालाही मुंबईतली वस्ती आठवते. पण भाईंदरच्या पश्चिमेला तारोडी, डोंगरी, उत्तन, चौक ही गावे ज्या भूभागावर आहेत, त्याचेही जुने नाव धारावी बेट असेच. या नावाच्या देवीचे देऊळ तारोडीत आहे. पोर्तुगिजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांना या बेटाची फार निकड होती, कारण खाडीच्या तोंडावर तोफा मांडून बसणारा वसईला समुद्रातून येणारी रसद अडवू शकत होता. हे ठाणे मराठ्यांनी घेतले, पोर्तुगिजांनी परत मिळवले आणि मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी ते पुन्हा जिंकले. दोनच महिन्यांत वसई पडली.

आज तिथे जाणाऱ्याच्या पदरी काय पडते? तारोडीच्या देवळात दिवा लागलेला असतो. डोंगरीच्या बेथलेहेम माऊलीच्या जुन्या चर्चमध्ये मिस्सा होते, सणाला अंगण भरते. देवळाला पुजारी आहे, चर्चला फादर आहेत, दोन्हींच्या मागे गाव उभे आहे. छप्पर गळले की वर्गणी निघते. ज्या ठाण्यासाठी ती लढाई झाली, त्या चौकच्या किल्ल्याला मात्र असे हक्काचे कुणी नाही. तिथे बुरुज आहे, झुडपे आहेत, मावळतीचा फोटो काढणारे आहेत. आणि समोर दिसते ती वसई आहे, हे सांगायला माणूस नाही.

अशा जागेची आठवण झाली की आपल्या नगरपालिका आणि महापालिका एकच गोष्ट करतात: सुशोभीकरण. कारंजे, रंगीत दिवे, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट. उद्घाटनाच्या फलकावर नावे मोठी आणि इतिहास दोन ओळींचा, त्यातही चुका.

याहून वेगळी वाट हंगेरीत दिसते. आपल्याकडची मंडळी युरोपच्या सहलीत बुडापेस्टला मुक्काम करतात, डॅन्यूबवरच्या बोटीतून संसद भवन पाहतात आणि पुढे निघतात. त्यांना दोष नाही. सहलीचा कार्यक्रमच तेवढा असतो. पण तिथे शिकण्यासारखे काही असेल तर ते राजधानीबाहेरच्या लहान जागांत आहे. दक्षिणेकडच्या पेच शहरात ऐन चौकात कासिम पाशाची सोळाव्या शतकातली मशीद आहे. तुर्की सत्ता गेल्यावर तिचे चर्च झाले. घुमटावर चंद्रकोर आणि क्रूस दोन्ही आहेत, आत मक्केच्या दिशेचा कोनाडा जपलेला आहे. मिस्सेच्या वेळी पाहुण्यांनी थांबायचे, इतर वेळी तिकीट काढून पाहायचे. जिंकलेली वास्तू जिंकलेली म्हणून दाखवण्याची लाज तिथे कुणाला वाटत नाही. आपल्याकडे वसईच्या स्वारीतून आलेली घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे, पण ती पाहणाऱ्या किती जणांना तिच्यावरचे १७२१ हे साल कुणी दाखवले?

होलोक्यो हे तिथले टेकडीच्या पायथ्याचे लहानसे खेडे १९८७ पासून जागतिक वारसा आहे. त्याच्या जुन्या घरांत गावाच्या संसाराचे, टपालाचे अशी संग्रहालये आहेत, एकेक दोन-तीन खोल्यांचे. जुने घर जसेच्या तसे राखायचे, आत चूल, खाट, कपडे, अवजारे ठेवायची, दारावर वेळ लिहायची, अशी शेकडो ग्रामघरे त्या देशात आहेत. सप्टेंबरात वारसा दिन असतात, तेव्हा एरवी बंद असलेल्या कितीतरी वास्तू उघडतात.

सगळे तिथे सुरेख आहे असे मुळीच नाही. हंगेरीच्या खेड्यापाड्यांतल्या ज्यूंच्या अनेक सिनेगॉगांत आज वाचनालये आणि सभागृहे आहेत, कारण प्रार्थना करणारी माणसे १९४४ साली आउश्विट्झला पाठवली गेली. भिंती दुरुस्त झाल्या, पण तिथली गाणी सांगणारे कोणी उरले नाही.

तारोडीकडे अशी सांगणारी माणसे अजून आहेत. कोळी, आगरी, ख्रिस्ती शेतकरी. त्यांच्या आजीच्या पेटीत लुगडे आहे, माळ्यावर मासेमारीची जुनी जाळी आहेत. वसईच्या किल्ल्याला दगड पुरवणाऱ्या खाणी या बेटावर होत्या; गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगडही वसईकडूनच गेलेला. हे सगळे सांगायला दोन खोल्या पुरतात. शेजारच्या मनोरीत ईस्ट इंडियन समाजाने मोबाई भवनात आपल्या वस्तूंचे छोटे संग्रहालय उभे केले ते सरकारची वाट न पाहता. डोंगरीच्या डोंगरावर मेट्रोच्या कारशेडची आखणी झाली, गावांचा चेहरा पाच-दहा वर्षांत ओळखू येणार नाही. तेव्हा मागून अभ्यास समित्या नेमण्यात अर्थ नाही.

मीरा-भाईंदर महापालिकेने एवढेच करावे. गावातली एखादी रिकामी शाळाखोली द्यावी, गावातल्याच दोन तरुणांना मानधन द्यावे, किल्ला, देऊळ आणि चर्च दाखवण्याच्या वेळा ठरवून भाईंदर स्थानकाबाहेर लावाव्यात. देवळाच्या आणि चर्चच्या वेळा अर्थातच गावकऱ्यांना आणि फादरना विचारून. १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह दरवर्षी येतो. यंदा त्या सात दिवसांत कारंज्याच्या निविदेऐवजी हा प्रयोग करून पाहावा.