हातउसने ठोके

दिवाळी अंकात दुखण्याखुपण्याचे लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. फराळाच्या ताटात औषधाची बाटली कोणी ठेवीत नाही. तरीही यंदा या सदरात मी हृदयविकाराविषयीच लिहिणार आहे, आणि त्याला कारण फराळच आहे. सणाच्या दिवसांत पोटाच्या वरच्या अंगाला जळजळले, मळमळले, घाम सुटला, की 'चकलीचे तेल बाधले' म्हणून ओव्याची चिमूट तोंडात टाकण्याची आपली रीत. पुष्कळदा ते खरेही असते. पण हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त पुरविणारी वाहिनी अडली, तरी दुखणे थेट असेच सोंग घेऊन येते. त्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि नाडी मंद लागली, तर ओव्याचा डबा बाजूला ठेवून १०८ क्रमांकाला फोन करावा, हे उत्तम.

नाडी मंद का लागते, ते आधी सांगतो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात ठोक्याचा हुकूम निघतो. तो खालच्या कप्प्यांकडे जाताना वाटेत एक चौकी लागते. १९०६ साली सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करताना या चौकीचे नीट वर्णन केले. आता गंमत अशी, की बहुतेक माणसांत हृदयाची खालची भिंत आणि ही चौकी या दोघींना रक्त एकाच उजव्या रक्तवाहिनीकडून मिळते. ती वाहिनी गुठळीने बंद झाली, की भिंतीबरोबर चौकीदारही उपाशी पडतो. वरून हुकूम येत राहतात, खाली पोहोचत मात्र नाहीत. खालचे कप्पे मग आपल्या मनाने, मिनिटाला तीस-चाळीस वेळा, कसेबसे आकसतात. तेवढ्यावर मेंदूचे भागत नाही. माणूस चक्कर येऊन पडतो, रक्तदाब घसरतो, क्वचित हृदय थांबतेही.

पण हा चौकीदार उपाशी असतो, सहसा मेलेला नसतो. त्याला आडवाटेने थोडे रक्त मिळत असते. मोठी वाहिनी उघडली, की तो पुष्कळदा काही तासांत, नाही तर काही दिवसांत पुन्हा कामावर रुजू होतो. प्रश्न आहे तो मधल्या काळाचा. आट्रोपिनच्या सुईने भागले नाही, तर हे दिवस काढायचे कसे? येथे तात्पुरता पेसमेकर उपयोगी पडतो. मी त्याला 'हातउसने' म्हणतो. कागद नाही, व्याज नाही. अडचण सरली की परत करावयाचे.

हा शब्द मला एका रात्री अचानक सुचला. जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात माझी रात्रपाळी होती. पन्नाशीचे एक शिक्षक आले. अंग गार, नाडी बत्तीस. गुठळी विरघळविण्याचे औषध सुरू झाले होते, पण नाडी काही वर येईना. तार घालावी लागेल, असे मी सांगताच त्यांचे मेव्हणे म्हणाले, "पेसमेकर म्हणजे जन्माचं झालं, डॉक्टर. थोरले भाऊ मुंबईहून निघालेत. ते आले की ठरवू." मुंबई सहा तासांवर होती. शिक्षकांच्या पत्नी कोपऱ्यात उभ्या होत्या. मी त्यांना म्हटले, "वहिनी, शेजारणीकडून वाटीभर साखर आणलीत तर ती जन्माची होते का?" त्यांनी मान हलविली. "तसंच हे. ठोके चार दिवस उसने घेऊ. यांचं हृदय सावरलं की परत." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि सही केली. चौथ्या दिवशी आम्ही यंत्राचा वेग उतरविला, तेव्हा शिक्षकांचे हृदय आपल्या हिशेबाने बहात्तर ठोके देत होते. पाचव्या दिवशी तार काढली. थोरले भाऊ तेव्हा शेजारी बसून मोसंबी सोलत होते.

हे उसनवारीचे शास्त्र फार जुने नाही. १९५२ साली अमेरिकेत बॉस्टन येथे पॉल झोल या डॉक्टरांनी छातीवर बाहेरून विजेचे ठोके देऊन बंद पडू पाहणारे हृदय चालते ठेवून दाखविले. त्यांच्या एका रोग्याचे हृदय अशा रीतीने बावन्न तास चालविले गेले, आणि तो वाचला. पण त्या विजेने छातीचे स्नायूही आचके देत, कातडी भाजे. शुद्धीवरच्या माणसाला ते सोसणे कठीण. शिवाय ही यंत्रे भिंतीतल्या विजेवर चालत. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनिआपोलिस शहराची वीज गेली, तेव्हा हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या आपल्या बालरोग्यांच्या काळजीने डॉ. वॉल्टन लिलेहाय अस्वस्थ झाले. भारनियमन सोसलेल्या आपल्या वाचकांना ती अस्वस्थता निराळी समजवायला नको! त्यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना गळ घातली. बाकेन यांनी गायक-वादकांना ठेका धरून देणाऱ्या मेट्रोनोमची जोडणी एका मासिकातून उचलली आणि काही आठवड्यांतच विजेरीवर चालणारी छोटी पेटी तयार केली. म्हणजे उसन्या ठोक्यांची युक्तीसुद्धा संगीताकडून उसनीच घेतलेली!

पुढे १९५८ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात सीमोर फर्मन यांनी तार शिरेतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचविली. छाती उघडायला नको, कातडी भाजायला नको. हुकुमाची वाट अडलेल्या एका वृद्धाचे हृदय त्यांनी या तारेवर ९६ दिवस चालविले. आजही रीत मूलतः तीच आहे. छातीवर चिकटपट्ट्या लावून बाहेरून ठोके देतात ते केवळ तार पोहोचेपर्यंत. मग मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक तार आत सरकवितात. किती कमी विजेला हृदय दाद देते ते पाहतात, आणि खात्रीसाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज ठेवतात. हृदयाने आपला ठोका आपण दिला, की उशाजवळची पेटी गप्प बसते. चुकला, तर लगेच देते. शेजारीण असावी तर अशी!

मात्र उसनवारीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ठोका उसना मिळतो, ताकद उसनी मिळत नाही. हृदयाच्या पुढल्या भिंतीचा मोठा भाग निकामी होऊन त्यात हुकुमाची वाट तुटली असेल, तर तार ठोके देते, पण दुबळा स्नायू रक्त ढकलण्यास अपुरा पडतो. अशा वेळी धोका मोठा असतो. तारेचे स्वतःचेही धोके आहेत. ती जागची हलते, तिच्या वाटेने जंतू शिरतात, क्वचित हृदयाची भिंतही टोचली जाते. म्हणून ती गरजेपुरतीच ठेवावयाची. अडलेली वाहिनी फुग्याने तत्काळ उघडण्याची सोय जेथे आहे, तेथे तारेची गरज पूर्वीपेक्षा कमी लागते. खरा उपचार वाहिनी उघडणे हाच. तार म्हणजे तोवरचा आधार. कायमच्या पेसमेकरचीही घाई नसते. झटक्यानंतर किमान पाच दिवस वाट पाहावी आणि मगच तो ठरवावा, असे युरोपातील हृदयतज्ज्ञांनी २०२१ साली आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे.

तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आलाच तर डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. हा पेसमेकर तात्पुरता की कायमचा? वाहिनी केव्हा उघडणार? तार केव्हा काढणार? पण विचारताना हातात पेन असू द्या; उत्तरे ऐकता ऐकता सही होऊन जाऊ दे.

फराळ मनसोक्त करा. मात्र पंक्तीत एखाद्याचा चेहरा पांढरा पडला, कपाळी गार घाम आला, तर त्याच्या मनगटावर बोटे ठेवून क्षणभर घड्याळाकडे पाहा, आणि रुग्णवाहिका बोलवा. थोरल्या भावाला फोन तिच्यात बसल्यावर करता येतो.