मत आपलं, की घराखालच्या जागेच्या मालकाचं?



१३ ऑक्टोबर २००९ ला विधानसभेचं मतदान आहे. ज्या वाटेनं आजारी माणूस डोलीत घालून खाली न्यावा लागतो, त्याच वाटेनं आता पुढारी वाडीवर चढतात. दर २५ सप्टेंबरला चिरनेरला हार पडतात. १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळी खाऊन गेलेला नाग्या कातकरी सगळ्या पक्षांना आपला वाटतो. नाग्याच्या जातभाईची दळी कुणाच्या नावावर, हे मात्र कुणी विचारत नाही.

लोक म्हणतात, आदिवासी दारू-मटणावर मत देतो. दारू शेवटच्या रात्री येते. त्याच्या आधी माणूस येतो, ज्याच्या दाबाखाली आपण असतो. आपल्या किती तरी वाड्या खाजगी जागेवर आहेत, गावठाण नाही. जागेचा मालक एवढंच म्हणतो, "यंदा अमक्याला." पुढचं त्याला बोलावं लागत नाही. दुसरा भट्टीचा मुकादम. दिवाळी तोंडावर आली, म्हणजे उचल घ्यायचे दिवस. उचलीबरोबर तो निशाणीपण सांगतो. मालक आणि मुकादम धरले की पुढाऱ्याला घरोघर फिरायची गरजच उरत नाही. रायगडात सात जागा, त्यातली एकही आदिवासींसाठी राखीव नाही. जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदापण लागू नाही. मग आपल्याला थेट विचारणार कोण?

तर काय करायचं? पहिलं, भ्यायचं नाही. कुणी कुठलं बटण दाबलं ते मशीन सांगत नाही. केंद्राची बेरीज कळते, माणसाचं मत कळत नाही.

दुसरं, मतदानाआधी वाडीची सभा घ्या. बायांनी पुढं बसायचं. जो उमेदवार येईल त्याला सगळ्यांसमोर दोनच गोष्टी विचारा. वनहक्काचे आमचे दावे प्रांताकडं पडून राहिले तर आमच्याबरोबर कचेरीत बसणार का? वाडीला गावठाण मिळवून देणार का? उत्तर वहीत लिहा, खाली त्याची सही घ्या. मुकादमाचा निरोप चालणार नाही.

तिसरं, ज्यांचा दावा राहिलाय त्यांनी तो वनहक्क समितीकडं द्या आणि पोच घ्या. घर आणि दळी नावावर झाली, की मत मागायला आपल्याच दारात यावं लागेल.

वहीत एकपण सही पडली नाही, तरी वही जपून ठेवा. कुणी सही टाळली, ते पाच वर्षं वाडीच्या ध्यानात राहील.